बासिलियाची पट्टी

सहा आठवडे, असं तुम्ही म्हणालात. फाईल मिटता मिटता म्हणालात, बाईच्या तोंडाकडे न बघता म्हणालात, आणि पुढच्या खाटेकडे वळलात. तुम्हाला ठाऊक होतं. आतड्याच्या ज्या दुखण्यापायी तुम्ही तिचं गुदद्वारच कापून काढलंत, ते दुखणं साधी जखमसुद्धा धड भरू देत नाही, आणि त्याच्यावरच्या गोळ्या तर त्याहून नाही. हे तुम्ही पुस्तकात वाचलंत, वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलंत. तरी सहा आठवडे! कारण खाट रिकामी हवी होती. खरं सांगितलं असतं तर बाई रडली असती, नवऱ्याने चार प्रश्न विचारले असते, तुमची दहा मिनिटं गेली असती. ती दहा मिनिटं तुम्ही वाचवलीत. त्यांच्या जागी त्या घरात काय शिरलं ते आता ऐका.

साबिनो जाळी विणणारा माणूस. फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या किनाऱ्यावर, चिखलात बांबूच्या खुंटांवर जी घरं उभी आहेत, त्यातलं शेवटचं घर त्याचं. ज्याचं जाळं फाटेल तो त्याच्या पायऱ्या चढायचा. बायको अडोरा बारा वर्षं वाळत होती. पोटात मुरडा, रक्त, ताप. चार महिने बरे, की पुन्हा तेच. शेवटी तुम्ही कापलंत. पोटावर शौचाची पिशवी आली, आणि मागे, माणूस जिथे टेकून बसतो तिथे, बोटभर खोल जखम राहिली. शिवली होती तुम्ही, पण नवव्या दिवशी टाके आपोआप सुटले. "होतं असं," एवढं म्हणून तुम्ही पुढे गेलात.

सरकारी वॉर्डात पेशंटपाशी घरचं माणूस लागतंच. त्याला आमच्याकडे बांताय म्हणतात, राखण करणारा. पाणी पाजायचं, भांडं द्यायचं, बाहेरून औषध आणायचं, रात्री खाटेखाली झोपायचं, सगळं त्याने. चाळीस खाटांना दोन नर्सबाई. त्यातली मिस लोर्ना साबिनोला म्हणाली, "एकदा नीट बघून घ्या, मानोंग. उद्यापासून तुम्हीच करायचं." मानोंग म्हणजे दादा, आमच्याकडे अनोळख्यालाही तसंच म्हणतात. सलाइनच्या पाण्याने धुवायचं, गॉजची लांब पट्टी भिजवून पिळायची, काडीने हलकेच पार आत सारायची, शेपूट बाहेर ठेवायचं, वर कोरडं झाकण. सकाळी सहाला आणि दुपारी चारला. साबिनोचे हात सुईदोऱ्याचे. दुसऱ्याच दिवशी मिस लोर्ना म्हणाली, "अहो, तुम्ही तर माझ्यापेक्षा बरे!"

शेजारच्या खाटेवर मानांग बासिलिया होती. मानांग म्हणजे ताई. तेच दुखणं, तेच ऑपरेशन, जखमही तिथेच. नवरा मेलेला, मुलगी कुवेतला कुणाच्या घरी कामाला. बांताय नाही, घरी न्यायलाही कुणी नाही. नर्सबाई आल्या तर पट्टी, नाही तर कालचीच आत कुजत. दोन दिवस साबिनोने नाक दाबून काढले, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मानांग, चालणार असेल तर मी करतो." बासिलियाने चादर तोंडावर ओढून घेतली आणि कुशीवर वळली. चार दिवस चादर तोंडावर होती. पाचव्या दिवशी चादरीतून आवाज आला.

"अडोरा, ऐकतेस का गं? तुझ्या नवऱ्याने माझं जे पाहिलंय ना, ते माझ्या नवऱ्यानेसुद्धा उजेडात कधी पाहिलं नव्हतं!"

अडोरा पोटावरची पिशवी धरून हसली. "मग लग्न लावून द्यायचं का, मानांग?"

"नको गं बाई. हा रोज काडी घेऊन येतो."

अख्खा वॉर्ड हसला. तेव्हापासून साबिनो सकाळी दोन पट्ट्या पिळायचा, दुपारी दोन पिळायचा. एक डाव्या खाटेची, एक उजव्या.

अडोराला घरी सोडलं त्या दिवशी बासिलिया एका कुल्ल्यावर कलून खाटेच्या कडेला बसली होती. तिला तसंच बसता यायचं. "सहा आठवडे सांगितलेत ना?" ती म्हणाली. "मलाही सहाच सांगितले होते. हा सातवा महिना."

साबिनोच्या मनात आलं, तुझी राहिली कारण तुला कुणी नाही. माझ्या बायकोला मी आहे.

"आता माझी पट्टी कोण करणार रे?"

"येईन की मी मधून मधून."

जीपनीने, म्हणजे प्रवासी जीपने, दोन तासांची वाट. तो एकदाही गेला नाही.

घरी पहिले चार आठवडे छान गेले. जखम कशी ओळखायची हे साबिनोला कुणी शिकवायला नको होतं. ताज्या माशाचा कल्ला असतो तशी ती लाल हवी. शिळ्या माशासारखी करडी दिसली की बिनसलं. अडोराची लाल होती. काडीवर तो चाकूने खूण करायचा. बोटभर होती ती पाऊण बोट झाली, मग दोन पेरं. एकच गोष्ट विचित्र होत होती. पहिल्या दिवशी अडोरा कुशीवर पडल्या पडल्या मान वळवून म्हणाली, "नोय, ही दुसरी कुणाची?"

ती त्याला नोय म्हणायची, तो तिला दाय. साबिनोने वाडग्यात पाहिलं. दोन पट्ट्या भिजवून, पिळून, शेजारी शेजारी ठेवलेल्या. त्याच्याच हातांनी. तो ओशाळून हसला. "सवय." पण दुसऱ्या दिवशीही दोन. तिसऱ्या दिवशी त्याने ठरवून एक घेतली, आणि काम संपवून बघतो तर दुसरी पिळून वाडग्यात.

पाचव्या आठवड्यात निरोप आला की बासिलिया गेली. तिचं गाव तीन थांबे पलीकडे. साबिनो सकाळची पट्टी करून गेला. अंगणात लोक कॉफी पीत पत्ते खेळत होते, शवपेटीपाशी कुणीतरी फोन धरून उभं होतं, फोनमध्ये कुवेतची मुलगी रडत होती. बासिलिया निळ्या झग्यात, पाठीवर, सरळ. साबिनो बघतच राहिला. सात-आठ महिने ही बाई पाठीवर झोपू शकली नव्हती. आता सगळं वजन जखमेवर टाकून पडली होती आणि कुणाला काही वाटत नव्हतं. आत पट्टी घातली असेल का कुणी, असं त्याच्या मनात आलं. कुणाला विचारणार?

मयताच्या घरून आमच्याकडे कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं. बेकरीत पाव घ्यायचा, चर्चमध्ये दोन मिनिटं टेकायचं, चौकात कुणाशी तरी गप्पा मारायच्या. म्हणजे मागे लागलेलं मेलेलं माणूस तिथेच वाट चुकतं. हे पोरंसुद्धा पाळतात. साबिनोला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सव्वातीन वाजले होते आणि चारला अडोराची पट्टी होती. जीपनीतून उतरला तो तडक पायऱ्या चढला, हात धुतले, वाडगा घेतला.

त्या दिवशी काडीवरची खूण होती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आठवडा गेला, सहा आठवडे पुरे झाले. काडी दोन पेरं आत जात होती. कल्ला फिकट पडत होता.

आठव्या आठवड्यात अडोरा म्हणाली, "दुपारी कुणीतरी माझ्या पायाशी येऊन बसतं, नोय."

"झोपेत असशील."

"जागी असते मी. भिंतीकडे तोंड असतं, म्हणून दिसत नाही. पण चटई दबते. आणि एकाच बाजूने दबते." तिने हाताने चटईची कड दाबून दाखवली. "एका कुल्ल्यावर बसल्यासारखी."

साबिनोने काडी खाली ठेवली.

"त्या दिवशी मयताहून येताना कुठे थांबला होतास?"

"बेकरीत."

"पाव कुठाय मग? तू बेकरीत जाऊन रिकाम्या हाताने येशील?"

तो वाडग्यातली पट्टी पिळत राहिला, आणि तिला उत्तर मिळालं. ती रडली नाही. म्हणाली, "माझ्यासाठीच धावत आलास ना रे. शिव्या तरी कशा देऊ तुला!"

तेव्हा तो तिला घेऊन तुमच्याकडे आला होता, आठवतं? नसेलच आठवत. तीन तास बाकावर बसवलंत, जखम न उघडता झाकणावरून बघितलीत, म्हणालात, "स्वच्छता ठेवा. गोळ्या चालू ठेवा." जखम का थांबली हे त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "धीर धरा." कशाच्या आधारावर धरायचा? एक तरी कारण दिलं असतंत! तुम्ही कारण दिलं नाहीत. तिया पासिंगने दिलं.

तिया पासिंग अडोराची मावशी, वस्तीतली जाणती बाई. तिने पाण्यात मेणबत्तीचं मेण टाकलं, थिजलेला गोळा उजेडात धरला. "बाई आहे. एका अंगावर कललेली." साबिनो दोन पावलं मागे सरला. अडोरानेच हे मावशीला आधी सांगितलं असणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माणूस घाबरला की एवढी साधी गोष्ट सुचत नाही.

"तिला तिची पट्टी मिळालेली नाही," तिया पासिंग म्हणाली. "मेल्यावर चाळीस दिवस फिरायचं असतं, ही त्यानंतरही जाईना. का जाईल? दिवसातून दोनदा तू दार उघडतोस, काडी घालून घालून वाट मोठी करतोस. ती आत जाऊन बसते. दार लाव बाबा."

"पण तिया, नर्सने आत भरायला सांगितलंय."

"का भरायची, हे सांगितलं?"

कशी भरायची हे त्याला शिकवलं होतं. का भरायची हे कुणीही, एकदाही सांगितलं नव्हतं.

"बघ. त्यांनाच ठाऊक नाही," म्हातारी म्हणाली.

तरी तो दोन दिवस अडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी अडोराने त्याचा हात धरला. "बस कर, नोय. अडीच महिने झाले. तू काडी घालतोस तेव्हा मी दात आवळून माळ जपते, आणि डोळे मिटले की मरियामातेच्या जागी तीच दिसते. बंद कर. माझ्यासाठी कर."

त्याने आत पट्टी घालणं सोडलं. पेरूची पानं उकळून त्या पाण्याने वरवर धुवायचा आणि कोरडं झाकण लावायचा. दुसरी पट्टी मात्र हातून भिजायचीच. तिया पासिंगने सांगितलं होतं की ती वाडग्यात घालून पायरीच्या खाली ठेव, म्हणजे जिची तिला मिळेल आणि ती बाहेरच्या बाहेर जाईल. तो ठेवायचा. भरतीचं पाणी यायचं, वाडगा हलायचा, सकाळी पट्टी नसायची. समुद्राने नेली म्हणायची की काय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

नवव्या दिवशी जखमेचं तोंड मिटलं. गुलाबी, गुळगुळीत कातडी. साबिनोने तीनदा बोट फिरवून बघितलं. अडोरा खुर्चीवर बसली! नीट, दोन्ही बाजूंनी टेकून. कोंबडीचा रस्सा आणि पेज खाल्ली, शेजारणींना हाका मारून मारून दाखवलं की बघा, बसलेय मी. तिया पासिंग ऐटीत म्हणाली, "डॉक्टरांना फोटो पाठवा म्हणावं."

त्या दुपारी अडोराच्या पायाशी कुणी बसलं नाही. चटई सपाट. घर इतकं रिकामं वाटलं की साबिनो उगाच जाळं घेऊन तिच्याजवळ जाऊन बसला. आता खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण ओळखीचं माणूस काही सांगायला आलं असावं आणि आपण तोंडावर दार लावलं असावं, तसं त्याला होत होतं.

तोंड मिटल्यावर पाचव्या दिवशी अडोराला थंडी भरून आली. दातांवर दात. कुल्ला लाल, गरम, दगडासारखा. तिया पासिंग म्हणाली, "रागारागाने चाललीय ती. जाता जाता त्रास देणारच." सकाळच्या उन्हात साबिनो अडोराच्या मागे गुडघ्यांवर बसला. गुलाबी कातडी फुगून चकाकत होती. त्याने बोट ठेवलं, आणि बोटाखाली काहीतरी डुचमळलं.

तेव्हा त्याला ऐकू आलं. अगदी शेजारून, चादरीतून आल्यासारखं.

"तोंड काय बघतोस मेल्या, तळ बघ! माझं दोनदा मिटलं वरून. दोनदा फाडलं त्यांनी. खालून भरत आली तरच ती भरली. उघड!"

बासिलिया हे वॉर्डात कधी बोलली होती आणि तो विसरला होता, की बोललीच नव्हती, हे साबिनोला आजही सांगता येत नाही. त्याने काडी उकळली. कातडी पापुद्र्यासारखी फाटली आणि आतून जे बाहेर आलं त्याच्या वासाने तिया पासिंग पायऱ्या उतरून पळाली. अडोरा ओरडली ती थेट धक्क्यापर्यंत ऐकू गेली असेल. मग तिचा श्वास जरा मोकळा झाला. "गेली का?" तिने विचारलं.

"नाही, दाय," साबिनो म्हणाला. "आली."

जाळ्यांच्या ढिगावर तिला आडवी घालून त्याने जीपनीतून आणली. तुमच्या धाकट्या डॉक्टरने बघितलं मात्र, आणि तो खवळला. "पट्टी घालायची बंद कुणी केली? गावात भगत गाठला असेल! बाई मेली असती, कळतं का काही?" साबिनो मान खाली घालून ऐकत राहिला. चूक त्याचीच होती, तो नाकारत नव्हता. जखम धुऊन झाली, सलाइन लागलं. मग औषधांची पिशवी मिस लोर्नाच्या हातात गेली आणि तिने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट केलं.

"मानोंग, ह्या अजून तेवढ्याच? कमी करत नेल्या नाहीत?"

"चालू ठेवा म्हणाले मोठे डॉक्टर. आठव्या आठवड्यातही तेच म्हणाले."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला जिन्याखाली नेलं. "कुणाला सांगू नका मी बोलले म्हणून. ह्या गोळ्या जखमेला मांस धरू देत नाहीत. हळूहळू उतरवायच्या असतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. एकदम सोडायच्या नाहीत, कळलं? आणि हा आजार असला की अशा जखमेला वर्षसुद्धा लागतं. कधी दोन. काहींची भरतच नाही, जन्मभर पट्टी करतात आणि जगतात."

"मग सहा आठवडे?"

"सगळ्यांना तेच सांगतात."

"बासिलियाला?"

मिस लोर्ना बोटांनी पाकिटाचा कोपरा मुडपत राहिली. "तिच्या गोळ्याही तेवढ्याच होत्या," ती म्हणाली.

साबिनोने जाऊन अडोराला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण तिला हाकललं. पायरीखाली वाडगा ठेवून, कुत्र्याला ठेवतात तसा." आणि तेव्हा ती रडली. ताप होता, पिशवी होती, मागे पुन्हा बोटभर खोल जखम होती. त्यातल्या कशासाठी नाही, ती बासिलियासाठी रडली. दुपारी चारला साबिनोने वाडगा घेतला. दोन पट्ट्या पिळल्या. अडोराने बघितलं आणि काही विचारलं नाही. शेजारच्या खाटेवर आता एक कोवळी मुलगी होती, कालच ऑपरेशन झालेली, खाटेखाली तिची आई बसलेली. त्या मुलीलाही आदल्या दिवशी आकडा सांगून झाला होता. आईने तो बोटांवर मोजला होता.

आणि आज सकाळी तुम्ही फेरीला आलात. धाकटा डॉक्टर मागे, फाईल हातात. "आता बरी आहे ना? छान. ताप उतरला की सोडू."

अडोरा भिंतीकडे तोंड करून होती. ती वळायला लागली. साबिनो पुढे झाला, तिने हाताने त्याला थांबवलं. कोपरावर जोर देऊन, ओठ चावत, जखमेवरून अंग ओढत ती वळली, का तर तुमचं तोंड दिसावं म्हणून.

"डॉक्टर, किती दिवस?"

"बघू. आधी ताप—"

"ताप नाही विचारला मी. जखम भरायला किती दिवस, ते विचारलं. वर्ष म्हणा, वर्ष काढीन. दोन म्हणा, दोन काढीन. भरणारच नाही म्हणा; ह्या माणसाचे हात आहेत, मी जगेन. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, तेही चालेल. पण खोटा आकडा देऊ नका. तो संपला की घरात कुणीतरी येऊन बसतं."

खाटांखालून एकेक बांताय उठून उभा राहिला. शेजारच्या मुलीची आई आधी उठली. कुणी आवाज केला नाही. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मग पुढच्या खाटेकडे. पण मध्ये साबिनो उभा होता, ओला वाडगा घेऊन, आणि तो हलला नाही. तो हलणारही नाही. तुम्ही पेनाला टोपण लावताय. लावू नका. बाईने तुम्हाला विचारलंय, तुमच्या तोंडाकडे बघून विचारलंय. शेजारची मुलगी ऐकतेय, तिची आई ऐकतेय.

किती दिवस? आणि हे तुम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक होतं की नव्हतं?

बोला.